लग्न ठरलेल्या मुलांना छळणारा आकाराचा प्रश्न

सातपूरचा औषधवाला

तुळशीचे लग्न झाले की नाशिकच्या आमच्या दुकानात एका ठरावीक प्रकारचे गिऱ्हाईक येऊ लागते. मुलगा पंचविशी-तिशीतला असतो, सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात कामाला असतो, लग्न ठरलेले असते, आणि काउंटरवर दुसरे कोणी उभे असेपर्यंत तो डोकेदुखीची गोळी, बामची डबी असे काहीबाही मागत राहतो. दुकान मोकळे झाले की मोबाइल पुढे करून "हे तेल मिळेल का?" असे विचारतो. फोटोतल्या बाटलीवर बहुधा उधळलेला घोडा असतो. तेल कशासाठी हवे ते तो सांगत नाही आणि मीही विचारत नाही. बाटलीवर सगळे लिहिलेलेच असते.

मी डॉक्टर नाही, औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन दुकान चालवतो. तरीही एवढ्या मुलांशी बोलल्यावर माझे मत असे झाले आहे की, लिंगाच्या आकाराविषयी विचारणाऱ्या बहुतेकांचा मूळ प्रश्न आकाराचा नसतोच. कोणाला पहिल्या रात्री आपल्याला जमेल की नाही याची धास्ती असते, कोणाची पुढची त्वचा मागे सरकत नसते, कोणाला वीर्य लवकर पडण्याची भीती असते, तर कोणाला आपल्या जुन्या सवयींमुळे शरीराचे नुकसान झाले असे वाटत असते. हे तोंडाने बोलणे जड जाते, म्हणून तेल मागितले जाते. तेल विकणाऱ्याचे काम तिथेच संपते, मुलाचा प्रश्न मात्र त्याच्याबरोबर घरी जातो.

आधी आकड्यांचे बोलू. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ साली जगभरातल्या मोजण्या एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात १५,५२१ पुरुषांच्या मोजमापांचा समावेश होता आणि ही मोजमापे आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतलेली होती, लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेली नव्हती. त्यानुसार शिथिल अवस्थेतील सरासरी लांबी ९.१६ सेंमी, ताठर अवस्थेतील लांबी १३.१२ सेंमी आणि ताठर अवस्थेतील घेर ११.६६ सेंमी भरला. ताठर लांबीची मोजणी त्यांपैकी ६९२ जणांचीच होती, हेही सांगायला हवे. साधारण दोन तृतीयांश पुरुष साडेअकरा ते पावणेपंधरा सेंमी यांच्या दरम्यान येतात. मोबाइलवर अश्लील चित्रफिती पाहून ज्याने आपली फूटपट्टी ठरवली आहे, त्याला हे आकडे खोटे वाटतात. पण त्या चित्रफितींत काम करणारे पुरुष निवडूनच घेतलेले असतात आणि कॅमेराही सोयीच्या कोनातून लावलेला असतो.

इटलीतील फ्लॉरेन्स येथे आपले लिंग लहान आहे अशी तक्रार घेऊन आलेल्या ६७ पुरुषांची तपासणी झाली होती आणि २००२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वैद्यकीयदृष्ट्या लहान म्हणावे असे त्यांच्यात एकही निघाले नाही. सामान्य लांबी किती असते याचाच त्यांपैकी बहुतेकांचा अंदाज फुगलेला होता.

मोजण्याची पद्धतही बहुतेकांची चुकते. पट्टी वरच्या बाजूने, ओटीपोटाखालच्या हाडाला टेकेपर्यंत दाबून धरायची आणि टोकापर्यंत मोजायचे. टोकापुढे आलेली सैल त्वचा धरायची नाही. वरून खाली पाहताना स्वतःचे लिंग आखूड दिसते आणि दुसऱ्याचे समोरून पाहिल्यामुळे लांब दिसते, ही नुसती नजरेची गंमत आहे. या मंचावरच्या जाणकारांनी माझ्या या धाग्यात भर घालावी.

आडगावची ओपीडी

मूत्ररोग विभागात काम करतो म्हणून लिहितो. शिथिल अवस्थेतल्या लांबीवरून ताठर लांबीचा नीट अंदाज येत नाही, ही गोष्ट त्र्यंबक रोडच्या जलतरण तलावावर कपडे बदलताना शेजाऱ्याकडे चोरून पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. काहींचे लिंग शिथिल असताना बरेच लहान दिसते आणि ताठरता आल्यावर पुष्कळ वाढते; काहींचे आधीच लांब दिसते आणि नंतर त्यात थोडीच भर पडते. थंडी, भीती आणि गार पाणी यांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पौषातल्या पहाटे रामकुंडावर बुडी मारून बाहेर आलेल्या माणसाने त्या क्षणी स्वतःविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

आतली रचना अशी असते की लिंगात स्पंजासारख्या ऊतीच्या दोन मुख्य नळ्या असतात. उत्तेजना मिळाली की मज्जातंतूंमधून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, तिथले स्नायू सैल पडतात, रक्त आत भरते आणि बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते आतच राहते. दंडाचा स्नायू व्यायामाने फुगतो तसा फुगणारा स्नायू तिथे नाही, आणि वाढीचे वय सरल्यावर तेल चोळून या नळ्या लांब होण्याची कोणतीही यंत्रणा शरीरात नाही. चोळण्याने झालाच तर त्वचेचा दाह होतो. चुना, मिरी किंवा लवंगेचा अर्क असलेल्या लेपांनी भाजलेली त्वचा घेऊन लोक आमच्याकडे येतात.

ज्यांचे पोट सुटले आहे त्यांच्या बाबतीत ओटीपोटाखालच्या चरबीत लिंगाचा मुळाकडचा भाग झाकला जातो. वजन उतरल्यावर तो पुन्हा दिसू लागतो, आणि कोणत्याही बाटलीपेक्षा हा उपाय खात्रीचा आहे.

खरोखर लहान कशाला म्हणायचे, यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या शल्यचिकित्सकांनी १९९६ साली सुचवलेली मर्यादा आजही वापरात आहे: शिथिल अवस्थेत ४ सेंमीपेक्षा कमी, किंवा ताणून अथवा ताठर अवस्थेत ७.५ सेंमीपेक्षा कमी. अशा व्यक्ती फारच थोड्या असतात आणि त्यांच्या तपासण्या वेगळ्या असतात. बाकीच्यांवर लांबी वाढवण्याची शस्त्रक्रिया करण्याबाबत अमेरिकेच्या मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेची भूमिका स्पष्ट आहे. लिंगाला आधार देणारा बंध कापणे किंवा घेर वाढवण्यासाठी चरबी टोचणे, यांपैकी काहीही सुरक्षित व परिणामकारक असल्याचे सिद्ध झालेले नाही. बंध कापल्यावर ताठरतेच्या वेळी लिंग डळमळते आणि व्रण आखडला तर ते पूर्वीपेक्षाही आत ओढले जाते.

डॉक्टरकडे निश्चित दाखवावे अशा तक्रारी निराळ्या आहेत. त्वचा मागे न सरकणे, ताठरता येताना दुखणे, पूर्वी नसलेला बाक नव्याने येणे किंवा आत गाठ हाताला लागणे, एखादा अंडकोष जागेवर नसणे, मूत्रमार्गाचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असणे, या त्या तक्रारी. जन्मापासूनचा थोडासा बाक, डावा अंडकोष उजव्यापेक्षा खाली असणे आणि मण्याच्या (लिंगाच्या टोकाच्या) कडेने बारीक पांढरट दाण्यांची रांग असणे, हे सर्व सामान्य आहे. त्या दाण्यांना गुप्तरोग समजून सहा-सहा महिने झोप उडालेली माणसे मी पाहिली आहेत.

शंकेखोर देवळालीकर

वरचे आकडे परदेशांतले आहेत. आपल्या लोकांची उंची-बांधा वेगळा, आहार वेगळा. मग परदेशांतील सरासरीशी आपली तुलना करून मुलांना धीर देण्यात काय अर्थ? उलट त्यामुळे ती आणखी खचायची. शिवाय उंच माणसाचे, मोठ्या पायांच्या माणसाचे मोठे असते, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, त्याचे काय?

सातपूरचा औषधवाला

शंका रास्त आहे. केरळातील संशोधकांनी ३०१ निरोगी भारतीय पुरुषांची मोजणी करून २००७ साली ती प्रसिद्ध केली आहे. त्यात शिथिल लांबीची सरासरी ८.२१ सेंमी आणि ताठर लांबीची १३.०१ सेंमी होती. २०१५ च्या आढाव्यातील ताठर लांबीशी ताडून पाहिले तर फरक एक-दीड मिलिमीटरचा निघतो. तेवढ्यासाठी खचून जायचे असेल तर मग बोलणेच खुंटले.

पायाच्या मापाचेही लंडनच्या दोन मूत्ररोगतज्ज्ञांनी २००२ साली तपासून पाहिले. त्यांनी १०४ पुरुषांची बुटाची मापे आणि लिंगाची ताणलेली लांबी नोंदवली आणि दोहोंत काही संबंध आढळला नाही. उंचीशी थोडाफार संबंध काही अभ्यासांत दिसतो, पण तो इतका क्षीण असतो की एकट्या माणसाच्या बाबतीत त्यावरून काहीही सांगता येत नाही.

जाता जाता एक सांगतो. वात्स्यायनाने पुरुषांचे शश, वृष आणि अश्व असे तीन प्रकार केले, हे सगळ्यांना पाठ असते आणि जाहिरातवाल्यांनी त्यातला फक्त घोडा उचलला. त्याच ठिकाणी स्त्रियांचेही मृगी, वडवा आणि हस्तिनी असे तीन प्रकार सांगून, जोडी जुळते तो संबंध उत्तम, असे तो म्हणतो. मोठ्यालाच उत्तम म्हणावे, असे त्याने कुठेही लिहिलेले नाही.

नाशिकरोडची मेघा

एवढ्या पुरुषांच्या चर्चेत एका बाईने लिहायला हरकत नसावी. लग्नाला बरीच वर्षे झाली, मैत्रिणींशी या विषयावर आता मोकळेपणाने बोलणे होते, आणि आमच्या गप्पांत नवऱ्याच्या मापाचा विषय कधी निघाल्याचे मला आठवत नाही. तक्रारी असतात त्या घाईच्या, तोंडाला येणाऱ्या तंबाखूच्या वासाच्या, अंघोळ न करता जवळ येण्याच्या आणि सगळे उरकल्यावर पाठ फिरवून झोपण्याच्या. एखादीचा नवरा कधी दोन शब्द विचारतच नाही, ही तक्रार तर बहुतेकींची.

शरीरशास्त्राच्या बाजूनेही हे पटण्यासारखे आहे. योनीमार्गाची संवेदना मुख्यतः बाहेरच्या एक तृतीयांश भागात असते आणि स्त्रीच्या सुखाचे मुख्य इंद्रिय, म्हणजे शिश्निका, तर योनीच्या बाहेर वरच्या बाजूला असते. अनेक स्त्रियांना केवळ संभोगाने परमसुख मिळत नाही, तिथे हाताने किंवा अन्य प्रकारे स्पर्श लागतो. मग आत किती सेंमी गेले याची मोजदाद कोणासाठी चालली आहे? उलट मन तयार नसताना, ओलसरपणा नसताना केलेल्या संबंधांत दुखते, आणि तेव्हा मोठा आकार हा त्रासच असतो. नव्या नवरीला पहिल्या दिवसांत दुखले तर नवऱ्याने तो आपल्या मर्दानगीचा दाखला समजू नये. थांबावे, वेळ द्यावा, आणि औषधाच्या दुकानात मिळणारी पाण्यात विरघळणारी वंगण-जेली आणावी. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल वापरू नका, कारण तेलाने निरोधाचे रबर (लॅटेक्स) कमकुवत होऊन फाटते.

अमेरिकेत ५० हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांनी एका प्रश्नावलीला उत्तरे दिली होती, ती २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यात जोडीदाराच्या आकाराविषयी समाधानी असलेल्या स्त्रिया ८५ टक्के होत्या, तर स्वतःच्या आकाराविषयी समाधानी असलेले पुरुष ५५ टक्के. मधल्या ३० टक्क्यांची चिंता त्यांच्या बायकांना ठाऊकच नसावी, असे मला वाटते.

अंबडचा फिटर

तेलाचे ठीक आहे, त्यात शंभर-दोनशे रुपये जातात. मोठी लूट वेगळ्या तऱ्हेने होते आणि ती मी जवळून पाहिली आहे. आमच्या खोलीत राहणारा एक मुलगा, मूळचा नंदुरबारकडचा, बसथांब्यावर उभा असताना शेजारी एक चांगल्या कपड्यांतला माणूस येऊन बोलू लागला. बोलण्याच्या ओघात त्याने स्वतःचीच कहाणी सांगितली की लग्नानंतर आपली फार फजिती झाली होती आणि एका वैद्यबुवांनी आपला संसार वाचवला. वैद्यबुवा महामार्गाच्या कडेला तंबू ठोकून बसलेले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि लिंगाची नस दबली आहे असे निदान केले. स्वतःची फी त्यांनी एक रुपयाही घेतली नाही, त्यामुळे आमच्या मुलाचा विश्वास आणखीच बसला. औषधी मात्र एका विशिष्ट दुकानातूनच आणायच्या होत्या.

दुकानदाराने आठ-दहा वस्तू काढल्या, चटकन खलात घातल्या, कुटून एकजीव केल्या आणि मग हिशेब सांगितला. भाव पाव किलोचा असेल असे मुलगा समजत होता, पण तो ग्रॅमचा होता. कुटलेली वस्तू परत कशी घेणार, असे म्हणून चार माणसे भोवती जमली. दोन महिन्यांचा पगार त्या पुडीत गेला. पोलिसांत जा असे आम्ही पुष्कळ सांगितले, पण तक्रारीत कारण काय लिहिणार, या लाजेने तो गेला नाही. या लोकांचा सगळा धंदा त्या लाजेच्या भरवशावर चालतो.

वैद्य पंचवटीकर

मी आयुर्वेदाची पदवी घेतलेला आणि नोंदणी असलेला वैद्य आहे, म्हणून आमच्या शास्त्राची बाजू मांडतो. वाजीकरण हे अष्टांग आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे आणि त्याचा विचार शुक्र, अपत्यप्राप्ती, बल व मनाची प्रसन्नता या अंगाने केलेला आहे. आहार, झोप, पचन आणि जोडीदाराविषयीचे प्रेम यांना त्यात मोठे स्थान आहे. रस्त्यावरच्या तंबूत नस दबल्याचे निदान करणे हा त्यातला कोणताही विधी नाही. प्रौढ पुरुषाचे लिंग लांब करून देतो असे सांगणाऱ्याकडे, तो स्वतःला वैद्य म्हणवो वा हकीम, फिरकू नये.

धोका आणखी एक आहे. निव्वळ वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या गोळ्यांत सिल्डेनाफिल हे ताठरता आणणारे आधुनिक औषध न सांगता मिसळलेले असल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार उघड केले आहे. गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासात गुण आला तर जडीबुटीची थोरवी गाण्याआधी पुडीत काय असावे याचा विचार करा.

सातपूरचा औषधवाला

कायदाही याबाबत गप्प नाही. औषधे व जादुई उपाय कायदा १९५४ चा आहे. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला त्याने मनाई केली आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'जे' अनुसूचीत तर ज्यांवर उपाय असल्याचा दावा औषधाने करूच नये अशा गोष्टींची यादी आहे, आणि लैंगिक अवयवाचा आकार सुधारणे हे तीत स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. रेल्वे रुळांलगतच्या भिंती आणि मोबाइलवरच्या जाहिराती पाहता अंमलबजावणी किती होते ते दिसतेच आहे. तरीही अन्न व औषध प्रशासनाकडे जाहिरातीचा फोटो आणि बाटलीवरचा उत्पादकाचा पत्ता जोडून तक्रार करता येते, आणि तिथे स्वतःचा त्रास सांगावा लागत नाही.

गंगापूर रोडचा अभ्यासू

स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, वय २४. नाव सांगायचे नाही म्हणूनच इथे विचारतो आहे. मला वाटते की हस्तमैथुनामुळे माझे लिंग डावीकडे वाकले आणि बारीक झाले. सकाळी लघवीबरोबर धात (वीर्य) जाते असेही वाटते, थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. वसतिगृहातल्या एकाने सांगितले की वीर्याच्या एका थेंबाला रक्ताचे शंभर थेंब लागतात. हे भरून निघते का?

निवृत्त मास्तर, गंगाघाट

बाळा, हा प्रश्न शंभर वर्षे जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली जाईपर्यंत ते चालवले. त्यांच्याकडे येणाऱ्या वाचकांच्या पत्रांत तुझ्यासारखीच विचारणा असे. त्या पत्रांना दिलेल्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. एवढा झगडा होऊनही नाशिकच्या वसतिगृहांत अजून शंभर थेंबांचा हिशेब चालतो, याचे मला शिक्षक म्हणून वाईट वाटते.

वीर्य रक्तापासून आटवून होत नाही. ते वृषण, शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींत सतत तयार होत असते आणि बाहेर पडले नाही तरी शरीर त्याची विल्हेवाट लावतेच. हस्तमैथुनाने लिंग बारीक किंवा वाकडे होत नाही. लघवीत दिसणारा पांढुरकेपणा पुष्कळदा क्षारांमुळे असतो, आणि जळजळ किंवा ताप असेल तर लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. 'धात जाण्या'च्या भीतीतून येणाऱ्या थकव्याला भारतीय मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० साली धात सिंड्रोम असे नाव दिले. थकवा खरा असतो, त्याचे कारण चिंता, अपुरी झोप आणि बऱ्याचदा नैराश्य हे असते, आणि त्यावर उपचार होतात. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मराठीतून बोलता येते, पैसे लागत नाहीत.

सिडकोचा जिमवाला

शरीराच्या न्यूनगंडाचे बोलणे चालले आहे तर छातीचे आणि दंडाचेही बोलू. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काहींना तीन महिन्यांत सिनेमातल्यासारखे शरीर हवे असते आणि कोणीतरी त्यांना इंजेक्शन मिळवून देते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीचे स्टेरॉइड घेतले की मेंदूला वाटते पुरेसे आहे, तो वृषणांना काम थांबवायला सांगतो, वृषण आक्रसतात आणि शुक्रजंतू कमी होतात, काही वेळा शून्यावर येतात. म्हणजे पुरुषी दिसण्यासाठी घेतलेल्या औषधाने बाप होण्याचे मार्गच अडतात. काहींची छाती तर बायकांसारखी वाढते. हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो आणि त्यातले निम्मे माझ्यावर नाराज होऊन दुसऱ्या जिममध्ये जातात.

आडगावची ओपीडी

मूळ धाग्यात पहिल्या रात्रीच्या धास्तीचा उल्लेख आहे, त्याबद्दल लिहायचे राहिले होते. ताठरता येण्यासाठी शरीर निवांत असावे लागते. परीक्षेला बसल्यासारखा माणूस स्वतःकडेच पाहत राहिला की ॲड्रेनालिन वाढते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि आलेली ताठरता ओसरते. एकदा असे झाले की पुढच्या वेळी भीती आधीच हजर असते. दोन दिवसांच्या विधींनी, पाहुण्यांनी आणि जागरणांनी थकलेल्या नवरदेवाकडून त्याच रात्री सगळे अपेक्षित धरणे हेच मुळात चुकीचे आहे. पहाटे ताठरता येत असेल आणि एकट्याने असताना अडचण नसेल, तर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू ठीक आहेत असे बहुतांशी समजावे. अशा जोडप्यांना आम्ही काही आठवडे संभोगच करू नका, फक्त स्पर्श करा, असे सांगतो. ही पद्धत अमेरिकन संशोधक मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० साली मांडली आणि आजही उपयोगी पडते.

वेळेचाही असाच गैरसमज आहे. नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिका या पाच देशांतील ५०० जोडप्यांनी घड्याळ लावून केलेल्या नोंदी २००५ साली प्रसिद्ध झाल्या. प्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा मध्यक ५.४ मिनिटे होता, म्हणजे निम्म्यांचा वेळ याहून कमी आणि निम्म्यांचा जास्त. अर्धा तास टिकणे ही अपेक्षा चित्रफितीतून येते. पतन सातत्याने एका मिनिटाच्या आत होत असेल आणि त्याचा मनस्ताप होत असेल, तर मात्र दाखवावे.

इंदिरानगरचा काका

मुलांच्या धाग्यात घुसतो, क्षमस्व. वय ५७, मधुमेह दहा-बारा वर्षांपासून. अलीकडे लिंग आखूड झाले असे वाटते आणि ताठरताही पूर्वीसारखी येत नाही. वय झाले म्हणून सोडून द्यावे की दाखवावे? मित्राने ताठरतेची एक गोळी दिली आहे, अजून घेतलेली नाही.

आडगावची ओपीडी

काका, दाखवाच, आणि लवकर दाखवा. ताठरता कमी झाली की लिंग आखूड भासते, शिवाय दीर्घ मधुमेहात तिथली ऊती थोडी आक्रसतेही. पण माझी काळजी वेगळी आहे. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार आधी तिथे जाणवतो आणि छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षे अगोदर ताठरतेची तक्रार सुरू झालेली असते. तेव्हा रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी या तपासण्या करून घ्या. पुढच्या त्वचेला वारंवार चिरा पडत असतील तर तेही सांगा, कारण साखर वाढल्याची ती खूण असते. काकूंनाही बरोबर आणा. उपचारांत त्यांचे म्हणणे लागते.

सातपूरचा औषधवाला

काका, मित्राची गोळी तशीच राहू द्या. ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात, त्याला कारण आहे. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची किंवा रोज घ्यायची नायट्रेट गटातली गोळी तुम्हाला चालू असेल, तर दोहोंमुळे रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकते. सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या, नावे आठवत बसू नका.

इंदिरानगरचा काका

नायट्रेटची गोळी चालू नाही, पण रक्तदाबाच्या दोन आहेत. सिव्हिलला जावे की खाजगीत? आणि तपासण्या उपाशीपोटी असतात का?

आडगावची ओपीडी

दोन्हीकडे होतात; सिव्हिलला खर्च कमी आणि रांग मोठी असते. साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी उपाशीपोटी या. टेस्टोस्टेरॉनही पाहायचे आहे आणि ते सकाळी सर्वाधिक असते, म्हणून रक्त दहाच्या आत द्या. मधुमेहाची गोळी त्या दिवशी नाश्ता झाल्यावरच घ्या, रक्तदाबाच्या गोळ्या मात्र नेहमीच्या वेळेला थोड्या पाण्याबरोबर घेऊन टाका.